पाहणाऱ्याची सही

माझा मामा लिफ्ट दुरुस्त करतो. नातेवाइकांना सांगताना आई 'मशीनवर असतो' एवढंच म्हणते. त्यामुळे अर्ध्या नातेवाइकांना तो कारखान्यात आहे असं वाटतं आणि उरलेल्या अर्ध्यांना तो दवाखान्यात आहे असं. आईच्या एका चुलत काकांनी तर मला एका लग्नात बाजूला घेऊन विचारलं होतं, "काय रे, शुद्धीवर आला का?"

मामा शुद्धीवर होता. साठीला दोन वर्षं कमी, अंगाने काटक, उजव्या तळव्याच्या रेघांमध्ये ग्रीस कायमचं मुरलेलं. लग्न करायचं राहून गेलं, जसं एखाद्याचं पोहायला शिकायचं राहून जातं. मला त्याच्या शहरात औषधांच्या गोदामात लेबलं तपासायची नोकरी लागली, आणि स्वतःची खोली मिळेपर्यंत चार महिने मी त्याच्याकडे राहिलो. "त्याला सोबत होईल," आई म्हणाली. आईच्या मते सोबत म्हणजे घरात दुसरं माणूस असणं. कोणतंही चालतं. तेव्हा मलाही तसंच वाटायचं.

मामाची खोली पाचव्या मजल्यावर आणि त्या इमारतीला लिफ्ट नाही. माझी पत्र्याची ट्रंक मी खांद्यावरून वर नेली, प्रत्येक मजल्यावर टेकवत आणि प्रत्येक मजल्यावर आधीपेक्षा जास्त आवाज करत. धापा टाकत दारात उभा राहिलो तेव्हा तो म्हणाला, "विनोद करू नकोस. सगळे करून झालेत."

खोली एकच. खिडकीखाली कॉट, समोर ओटा, कोपऱ्यात पत्र्याच्या दाराचं न्हाणीघर. टीव्हीसमोर दोन लोखंडी घडीच्या खुर्च्या शेजारी शेजारी मांडलेल्या. मी आपला त्यातल्या एकीवर बसलो. मामा नुसता उभा राहिला. मी दुसरीवर सरकलो. तो तरी उभाच. शेवटी तो खाली जाऊन दुकानातून प्लॅस्टिकचं स्टूल घेऊन आला आणि ते माझ्यासमोर ठेवलं. पाच मजले उतरून, पाच मजले चढून. एवढं झाल्यावर माणूस स्टुलावर बसतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी न्हाणीघरातून त्याचा आवाज आला, "मोकळं?" मी चहा गाळत होतो. म्हटलं, बाहेर यायचं असेल, लाजत असेल. "मोकळं!" मी ओरडलो. दार उघडलं, ते ओट्याजवळ ठेवलेल्या बादलीवर आपटलं, आणि मामा टॉवेलात बाहेर आला.

"बादली दिसली नाही तुला?"

"बघितलंच नव्हतं."

"मग मोकळं कशाला म्हणालास?"

मग कळलं ते असं. लिफ्टच्या कामाला नेहमी दोघं असतात. एक वर मशीनच्या खोलीत, दुसरा खाली खड्ड्यात. मध्ये सात-आठ मजल्यांचा अंधार. वरच्याने डबा हलवण्याआधी 'मोकळं?' म्हणून विचारायचं आणि खालच्याने स्वतःचे हातपाय, अवजारं, कोपरे, सगळं बघून मगच 'मोकळं' म्हणायचं. उत्तर आलं नाही तर काहीही हलत नाही. काम झालं की मशीनच्या खोलीत टांगलेल्या जाड पिवळ्या कार्डावर दोन सह्या. एक रकाना 'काम करणारा', दुसरा 'पाहणारा'. पाहणाऱ्याने काम करायचं नसतं. त्याने शंका घ्यायची असते. मामाला एकतीस वर्षं हे विचारायची इतकी सवय झाली होती की तो दार उघडताना, ट्रंक सरकवताना, गॅस पेटवतानासुद्धा विचारायचा. उत्तराची वाट बघायचा नाही. विचारायचा, एक क्षण थांबायचा, आणि करायचा.

टीव्हीशेजारी खिळ्याला तारेने तसलंच एक पिवळं कार्ड लटकत होतं. मी समजलो टीव्हीचं असेल. जवळ जाऊन पाहिलं तर कार्डाची मागची बाजू, पेन्सिलने आखलेली, एकापासून पन्नासपर्यंत आकडे, आणि पुढे नावं: राजेसाहेब, हमाल, कुलूप, गादी, तिसरा मजला, कोळसा. प्रत्येक नावापुढे दोन सह्या.

"हे काय?"

"यादी आहे," मामा म्हणाला. "आजवरचे पन्नास."

शनिवारी संध्याकाळी सहा वाजता टीव्हीवर कुस्त्या लागतात. आखाड्यातल्या नव्हे, दोऱ्यांच्या चौकोनातल्या, दिव्यांच्या, धुराच्या, चमकत्या चड्ड्यांच्या. निवेदक घेतो ती नावं जिभेला गाठ बसेल अशी असतात, म्हणून मामाने आपली ठेवली होती. मी तालुक्याच्या शाळेत शिकलेला मुलगा. पाचवीतच आमच्या वर्गाने या कुस्त्या खोट्या असतात असा निकाल दिला होता. तो मी मामाला ऐकवला.

"लिफ्टमध्ये शिरतोस तेव्हा बटण कोण दाबतं?"

"मीच."

"म्हणजे कुठल्या मजल्यावर जाणार हे तुला आधीच माहीत असतं."

"हो."

"तरी पोटात गोळा येतो की नाही?"

पाचवीच्या वर्गाचा निकाल मी मागे घेतला.

मामाचं म्हणणं सरळ होतं. कोण जिंकणार हे ठरलेलं असतं, म्हणून पट्टे मोजून नंबर लावण्यात अर्थ नाही. "पट्टे मोजणारे लोक म्हणजे लिफ्ट किती वर जाते ते विचारणारे. वर काय, सगळ्याच जातात. थांबते कशी ते बघ." त्याचा नियम असा, की मोठा कुस्तीगीर तो, जो उचललेल्या माणसाला नीट खाली ठेवतो. मागच्या बाकावरच्याला वाटलं पाहिजे की आता याची हाडं गोळा करावी लागणार, आणि प्रत्यक्षात खाली पडलेला माणूस घरी जाऊन बायकोशी भांडण्याइतका धडधाकट पाहिजे. 'तिसरा मजला' नावाचा एक होता, तो सगळ्यात वरच्या दोरीवरून उडी मारायचा. लोक वेडे व्हायचे. मामाच्या यादीत एकतिसावा. "उडी मारायला काय लागतं? सोडून द्यायचं अंग. झेलतो तो खालचा." आणि खाली बहुतेक वेळा 'गादी' असायचा, दर शनिवारी हरणारा, ढेरपोट्या, घामाघूम. तो सहावा. 'डॉक्टर गुडघे' म्हणून एकाने तीन जणांना खरोखरच जायबंदी केलं होतं. त्याच्या नावावर काट होती, आणि काट मारायलाही दोन सह्या होत्या.

पहिल्या नंबरवर हमाल. धिप्पाड, टक्कल, खांद्यावर टॉवेल टाकून यायचा, वाजतगाजत नाही, जणू कोणाचं तरी सामान पोचवायला आलाय. एकोणीस वर्षांत पट्टा एकदाच, तोही नऊ दिवस. "पण एकोणीस वर्षांत," मामा बोट वर करून म्हणायचा, "एका माणसाचं नखसुद्धा त्याच्या हातून मोडलं नाही. उचलताना बघ त्याला. आधी समोरच्याच्या मानेखाली हात जातो. टीव्हीवर दिसत नाही, बघायला लागतं."

मी बघितलं. खरंच जायचा हात.

दुसऱ्या सहीचा मालक मला हळूहळू कळत गेला, कारण मामा त्याचं नाव घ्यायचा नाही. नुसतं 'जोडीदार'. एकतीस वर्षं तो खाली खड्ड्यात आणि मामा वर, किंवा मामा खाली आणि तो वर. शनिवारी काम दोनला सुटलं की जोडीदार याच्याबरोबर इथे यायचा, दुसऱ्या लोखंडी खुर्चीवर बसायचा, आणि कुस्त्या संपेपर्यंत दोघं भांडायचे. जोडीदाराचं मत नेमकं उलटं. त्याचा पहिला नंबर राजेसाहेब. अकरा पट्टे, मुकुट, झगा, आणि माइक हातात आला की अर्धा तास भाषण. "लोक कोणाला बघायला येतात?" तो विचारायचा. "थांबते कशी ते आतल्याला कळतं. बाहेर उभा आहे त्याला एवढंच कळतं, की आली की नाही आली." हे मामाने मला सांगितलं ते नक्कल करून, नाकातल्या आवाजात, आणि सांगताना त्याचा चेहरा असा खुलला की मी स्टुलावरून उतरलोच नाही. अकरा वर्षं राजेसाहेब पहिला आणि हमाल दुसरा राहिला, कारण दोन सह्यांशिवाय कोणी हलायचं नाही असा नियम होता आणि जोडीदार सही द्यायचा नाही.

"मग आता हमाल वर कसा गेला?"

मामा चहाचा कप धुवायला उठला. कप धुतलेलाच होता.

मी आल्यावर दुसऱ्या महिन्यात एका शनिवारी हमाल टॉवेल घेऊन आला, चौकोनाच्या मधोमध उभा राहिला आणि टॉवेलाची घडी करून खाली ठेवून निघून गेला. निवेदक म्हणाला, निवृत्त. मामाने टीव्ही बंद केला. समोर काळी काच आणि त्यात दोन खुर्च्या, एक स्टूल.

त्यांचा आणखी एक नियम होता. कुस्तीगीर निवृत्त झाला की महिन्याच्या आत त्याचा नंबर बंद करायचा, दोन्ही सह्यांनी आणि शाईने. मग तो कायमचा.

"मग कर की बंद," मी म्हटलं. "पहिलाच तर आहे. सह्याही आहेत दोन."

"एकच आहे."

मी कार्ड उजेडात धरलं. हमाल, क्रमांक एक. काम करणारा, सही. पाहणारा, सही.

"दोन तर आहेत."

"दोन्ही माझ्याच आहेत," मामा म्हणाला.

तीन वर्षांपूर्वीचा शनिवार. जोडीदार मुलीकडे गेला होता. मामा एकटाच बघत बसला होता. एक नवखा पोरगा दोरीवरून उडी मारताना घसरला, डोकं खाली, आणि हमाल जो दुसऱ्या बाजूला पडून राहायला हवा होता तो उठला, धावला आणि ठरलेलं सगळं मोडून त्याच्या खाली गेला. पोरगा उठून उभा राहिला. हमालाचा खांदा निखळला. निखळल्या खांद्याने तो ठरल्याप्रमाणे हरला. मामा म्हणाला, "मी उभा राहून टाळ्या वाजवल्या रे. एकटाच. आणि मग बाजूला बघितलं." बाजूला खुर्ची. सांगायचं कोणाला? त्याने खोडरबर घेतलं, राजेसाहेबांना खाली आणलं, हमालाला वर नेलं आणि दोन्ही सह्या ठोकल्या. जोडीदाराची सही त्याला पाठच होती, एकतीस वर्षं रोज बघितलेली. सोमवारी सांगू, तो 'हो' म्हणेलच, असं धरून चालला. सोमवारी सांगायचं राहिलं.

पुढच्या शनिवारी जोडीदार आला, खुर्चीवर बसला आणि कार्डाकडे बघत राहिला.

"ही सही कोणाची?"

"तुझीच."

"मी पाहिलं?"

"अरे, तू पाहिलं असतंस तर..."

"मी पाहिलं नाही."

तुम्ही म्हणाल, टीव्हीवरच्या कुस्तीच्या यादीवरची पेन्सिलची सही, तिचं काय एवढं. मीही म्हणालो. तेव्हा मामाने सांगितलं, की फार पूर्वी दुसऱ्या एका जोडीतल्या माणसाने घाईत कार्डावर दोन्ही सह्या करून ठेवल्या होत्या, आणि त्या कार्डावर विसंबून त्याचा जोडीदार खड्ड्यात उतरला. पाय वाचला, बोटं वाचली नाहीत. त्या दिवशी हे दोघं त्याच इमारतीत होते. जोडीदाराने त्या माणसाला उचलून बाहेर काढलं होतं.

"तो एवढंच म्हणाला, की आज इथे केलंस. आणि उठला. कुस्त्या अजून सुरूही झाल्या नव्हत्या." सोमवारी जोडीदाराने ऑफिसात दुसरी जोडी मागून घेतली. सहा महिन्यांनी निवृत्त झाला आणि मुलीकडे राहायला गेला, बसने चार तासांवर. मामाला तेव्हापासून कंपनी दर दोन-तीन महिन्यांनी नवा माणूस देते. 'मोकळं' म्हणतात सगळे. कानात गाणी घालून म्हणतात.

"फोन करायचास."

"फोनवर सही होते का?"

"पत्र?"

"दोन टाकली."

मला काय सुचलं कोण जाणे, मी म्हटलं, "मी करतो सही. आत्ता फोनवर ती कुस्ती काढतो, बघतो, आणि करतो. मग तर खरी?"

मामाने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. "आत्ता बघशील तर खांदा निखळणार हे ठाऊक असून बघशील. मग तू हमालाकडे बघणार नाहीस. खांद्याकडे बघशील."

महिन्यातले अठरा दिवस गेले. मामा शनिवारी टीव्ही लावायचा आणि आवाज बंद ठेवायचा. जेवताना भिंतीकडे तोंड करून बसायचा, कारण दुसरीकडे कार्ड दिसायचं. सोमवारी सकाळी त्याचा घसा बसलेला असायचा. मला वाटायचं थंड पाणी पितो. आईचा फोन आला की मी सांगायचो, बरा आहे. मशीनवर आहे.

एकोणिसाव्या दिवशी तो म्हणाला, "भाचेबुवा, रविवारी तुम्हाला काही काम असतं का?" मला 'तुम्ही' म्हटलं की समजायचं, मामाला काहीतरी हवंय.

त्याने नवं कार्ड केलं होतं. पन्नास नावं पुन्हा लिहिलेली, दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये घालून, दोरीने बांधून. ते मी एकट्याने जोडीदाराला नेऊन द्यायचं होतं. बसमध्ये मी सोडून बघितलंच. बघणार नाही असं त्यालाही वाटलं नसेल. क्रमांक एक, राजेसाहेब. क्रमांक दोन, हमाल. मामाने आपल्या माणसाला आपल्या हाताने खाली आणलं होतं. काम करणाऱ्याची सही शाईची. पाहणाऱ्याचा रकाना रिकामा. मला खिडकीबाहेर बघावंसं वाटलं, आणि चार तास मी तेच केलं.

जोडीदार मला शोधावाच लागला नाही. मुलीच्या इमारतीत खालीच, लिफ्टसमोरच्या बाकावर बसला होता. बुटका, जाड भिंगांचा चष्मा, मांडीवर भाजीची पिशवी. मामाचं नाव सांगितल्यावर तो म्हणाला, "भाचा का? नाक तेच आहे." मग एक बोट वर केलं, गप्प बस म्हणून. लिफ्ट वर चालली होती. तिचा आवाज थांबेपर्यंत तो ऐकत राहिला. "तिसऱ्यावर अर्धा इंच खाली थांबते," तो म्हणाला. "सोसायटीला सांगितलं. ते म्हणतात, काका, तुम्ही आराम करा."

"रोज इथेच बसता?"

"भाजी आणतो. येताना दम खातो." भाजी आणून बराच वेळ झाला असावा, कोथिंबीर मान टाकून पडली होती.

लिफ्ट पुन्हा हलली. त्याचे ओठ किंचित हलले. काय म्हणाला ते ऐकू आलं नाही, पण मी ओळखलं.

मी पुठ्ठे सोडून कार्ड त्याच्या हातात दिलं. हमाल निवृत्त झाल्याचं सांगितलं. तो म्हणाला, "हो का?" माहीतच नव्हतं त्याला.

"तुम्ही बघत नाही आता?"

"इथे कुठे. लेकीच्या मालिका असतात." मग चष्मा काढून पुसला. "खरं सांगू का, मला तो प्रकार कधी आवडलाच नाही. घामट माणसं एकमेकांच्या अंगावर पडतात. काय बघायचं त्यात?"

मला वाटलं, मी चुकीच्या माणसाकडे आलोय.

"पण काका, अकरा वर्षं तुम्ही राजेसाहेबांसाठी..."

"तो हमाल म्हणाला, मग मला दुसरं कोणीतरी म्हणायला नको? दोघंही हमाल म्हणालो तर सहा वाजून पाच मिनिटांनी सगळं संपलं. तो मुकुटवाला पहिल्या दिवशी पडद्यावर होता, मी म्हटलं, हा."

"मग जायचात कशाला?"

जोडीदाराने पिशवीतली कोथिंबीर सरळ केली. "शनिवारी दोनला तुझा मामा वर खोलीत गेला की सोमवारी सकाळपर्यंत एका माणसाशी बोलायचा नाही. मग सोमवारी त्याचा आवाजच फुटायचा नाही. वरून विचारायचा, खाली मला ऐकू यायचं नाही. आठ मजले रे. एकदा त्याने विचारलं आणि मला ते खोकल्यासारखं वाटलं. म्हटलं, शनिवारी याला ओरडायला लावलं पाहिजे. तर हे निघालं, कुस्ती. लावून दिलं."

वर कुठेतरी दार उघडून बंद झालं. मी विचारलं, एवढं होतं तर मग उठून का आलात. तो म्हणाला, "मी खाली उभा असतो, आणि वरच्याने माझं उत्तर स्वतःच देऊन टाकलं. मग मी तिथे कशाला?" त्यात राग नव्हता. राग असता तर बरं वाटलं असतं.

मग त्याने कार्ड नाकाजवळ नेऊन पहिल्यांदा नीट वाचलं, आणि त्याच्या भुवया चढल्या.

"हे काय? राजेसाहेब पहिला?"

"मामाने केला. तुमच्यासाठी."

"माझ्यासाठी? असा कसा केला? मुकुटवाला कुठे बोलतो, हमाल कुठे काय करतो, काही लिहिलं नाही. नंबर बदलला तर कारण लिहायचं असतं कार्डावर, हे त्याला मी शिकवायचं?" आवाज इतका चढला की रखवालदाराने वळून बघितलं. "पेन आहे?"

मी पेन दिलं. त्याने गुडघ्यावर पिशवी, पिशवीवर पुठ्ठा, पुठ्ठ्यावर कार्ड ठेवलं आणि शाईने, सावकाश, पहिल्या ओळीवर लिहिलं: 'नामंजूर. कारण दिलेले नाही.' पुढे तारीख. पुढे, पाहणाऱ्याच्या रकान्यात, सही.

निघताना मी म्हटलं, मामाला एकदा फोन करा. तो म्हणाला, "बघू." लिफ्ट येत होती, त्याचं लक्ष तिकडे गेलं होतं.

मी परत आलो तेव्हा मामा दारातच होता. 'काय म्हणाला' असं त्याने विचारलं नाही. कार्ड घेतलं, खिडकीपाशी नेलं आणि आधी सही बघितली, मग मजकूर. सहीवरून अंगठा फिरवला, शाई आहे की पेन्सिल ते बघायला. मी कोथिंबिरीचं सांगितलं, अर्ध्या इंचाचं सांगितलं. कुस्ती आवडत नाही हे सांगितलं नाही. चार तास बसमध्ये मी एवढंच ठरवत आलो होतो.

"नामंजूर म्हणे!" मामा ओरडला. खालच्या मजल्यावर कोणाचं तरी भांडं थांबलं. "कारण पाहिजे याला! त्या मुकुटाच्या बाजूने कारण मी द्यायचं? याला कुस्तीतलं ओ का ठो कळत नाही. पहिल्यापासून कळत नाही!"

मी त्याच्या तोंडाकडे बघितलं. तो किती जाणून बोलला ते मला आजही सांगता येणार नाही.

त्याने टेबल ओढलं आणि राजेसाहेबांच्या बाजूने कारण लिहायला बसला. एक पान लिहून फाडलं. दुसऱ्यात राजेसाहेबांची इतकी निंदा झाली की ते हमालाच्या बाजूचं कारण झालं. महिना संपला, हमालाचा नंबर बंद झालाच नाही. मी आठवण करून दिली तेव्हा तो म्हणाला, "नामंजूर कार्ड बंद करता येत नाही. काम चालू राहतं. तोवर दोघांची नावं त्यावर." लिहायला बसल्यापासून चौथ्या आठवड्यात पान पोस्टात गेलं. पंधरा दिवसांनी परत आलं: 'कारण अपुरे.' खाली सही. फोन आला नाही. मामानेही केला नाही. शनिवारी टीव्हीचा आवाज पुन्हा सुरू झाला, दुसरी खुर्ची होती तिथेच राहिली आणि मी स्टुलावर.

चार महिने झाले, मला खोली मिळाली. ट्रंक मी खांद्यावर घेणार तेवढ्यात मामा म्हणाला, "ठेव खाली. येताना केलास तो तमाशा पुरे." त्याने कॉटखालून दोर काढला, ट्रंकेला चार बाजूंनी फास घातला आणि जिन्याच्या मधल्या मोकळ्या जागेवर कठड्याला दोन वेढे दिले. "खाली जा. सांगितल्याशिवाय ट्रंकेखाली उभा राहू नकोस."

मी पाच मजले उतरलो. खालून वर बघितलं तर कठड्यांचे पाच चौकोन, एकात एक, आणि सगळ्यात आत मामाचं डोकं, शर्टाच्या बटणाएवढं.

"मोकळं?"

आवाज खणखणीत होता. मी खाली बघितलं. पहिल्या पायरीशी एका लहान मुलाची सायकल होती, ती बाजूला केली. कोपऱ्यात झाडू होता, तो उचलला. स्वतःचे पाय मागे घेतले. पुन्हा एकदा सगळीकडे बघितलं.

"मोकळं," मी म्हटलं.

ट्रंक खाली आली. एकदाही कठड्याला लागली नाही. जमिनीपासून वीतभर अंतरावर थांबली, आणि मग टेकली ती अशी, की मला टेकल्याचं कळलंच नाही. दोर सैल पडला तेव्हा कळलं. मी फास सोडवले, दोराला दोन हिसके दिले.

तो वरून काहीतरी म्हणेल म्हणून मी थांबलो. रिकामा दोर हलत हलत वर गेला, एकेका मजल्यावरून, आणि शेवटच्या चौकोनात दिसेनासा झाला. मग वरून आवाज आला, "मोकळं?" दार लावताना विचारलं असावं. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण मला इथून त्याचं दार दिसत नव्हतं.